व्हर्मीरच्या गावात व्हर्मीर नाही

योहानेस व्हर्मीर डेल्फ्टमध्ये जन्मला, तिथेच चित्रं काढत राहिला आणि तिथेच कर्जात मेला. 31 ऑक्टोबर 1632 रोजी न्यूवे केर्क या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. 15 डिसेंबर 1675 रोजी तिथून जवळच असलेल्या औडे केर्कमध्ये त्याला पुरण्यात आलं. त्याची म्हणून मानली जाणारी चित्रं जगात साधारण 37 आहेत. त्यांपैकी सात नेदरलँड्समध्ये आहेत : चार ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि तीन हेगच्या मौरित्सहाउसमध्ये. डेल्फ्टमध्ये एकही नाही. त्या गावात फोल्डर्सग्राख्त नावाच्या कालव्याकाठी, जिथे पूर्वी चित्रकारांच्या सेंट ल्यूक गिल्डची इमारत होती त्या जागी, 2007 पासून ‘व्हर्मीर सेंट्रम’ चालू आहे. व्हर्मीरची सगळी चित्रं तिथे मूळ आकारात, एकाच छताखाली पाहायला मिळतात, आणि त्या सगळ्या छापील प्रती आहेत. इमारतीचा दर्शनी भागसुद्धा नव्याने बांधलेला आहे, कारण गिल्डची जुनी वास्तू एकोणिसाव्या शतकातच पाडली गेली.

अशा जागेला कलादालन म्हणावं का? माझं उत्तर ‘हो’ असं आहे. ज्या गावाने आपली चित्रं गमावली त्याने प्रतींचं कायमचं दालन चालवणं योग्य आहे. इतकंच नाही, तर मूळ चित्रांच्या दालनांना जे साधत नाही असं काही काम तिथे होतं. जाणकार त्याच्याकडे पाहून नाक मुरडतात ते मला अन्यायाचं वाटतं. मात्र विरुद्ध बाजू दुबळी नाही. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेची जुनी रीत अशी की पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीने मांडायचा आणि मग उत्तराला उभं राहायचं. तीच इथे पाळतो.

पूर्वपक्ष : तुम्ही ज्याला दालन म्हणता ते एका मोठ्या चित्रग्रंथाची पानं सुटी करून भिंतीवर लावल्यासारखं आहे. संग्रहालयाचा पहिला धर्म जतनाचा. ज्याच्याकडे जतन करण्यासारखं काहीच नाही त्याने तिकीट लावून बसावं हा गावाच्या नावाचा व्यापार झाला. शिवाय डेल्फ्टहून हेग आगगाडीने जेमतेम पाव तास. तिथे ‘डेल्फ्टचं दृश्य’ आणि ‘मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी’ ही दोन्ही अस्सल चित्रं टांगलेली आहेत. इतक्या जवळ अस्सल असताना नक्कल पाहण्यात वेळ घालवणारा पाहुणा फसवला जातो आहे, आणि त्याला ते कळतही नाही.

उत्तरपक्ष : हेगला जरूर जावं. पण तिथे तीन चित्रं भेटतील, चौतीस भेटणार नाहीत, आणि व्हर्मीरच्या बाबतीत हा फरक निव्वळ संख्येचा नाही. पांढऱ्या फरच्या किनारीचं पिवळं जाकीट घ्या. व्हर्मीरच्या मृत्यूनंतर 1676 च्या फेब्रुवारीत घरातल्या वस्तूंची यादी झाली, तीत असं जाकीट नोंदलेलं आहे. ते त्याच्या सहा चित्रांत दिसतं : मोत्यांची माळ गळ्याशी धरलेली स्त्री बर्लिनला आहे, पत्र लिहिणारी वॉशिंग्टनला, ल्यूट वाजवणारी आणि मोलकरणीशी बोलणारी मालकीण न्यूयॉर्कच्या दोन वेगवेगळ्या संग्रहांत, गिटार वाजवणारी लंडनला, प्रेमपत्र हाती आलेली ॲमस्टरडॅमला. एकच वस्त्र, घरातलं, बहुधा बायकोचं. आणि त्याच्यावर पडणारा उजेड चित्रकार सहा वेळा वेगळा सोडवतो. तेच भिंतीवरच्या हॉलंड आणि वेस्ट फ्रीसलंडच्या नकाशाचं. तो तीन चित्रांत येतो, एकदा रंगीत होऊन आणि एकदा जवळजवळ सावलीत बुडून. इतकी कमी चित्रं काढणाऱ्या माणसाने त्याच खोल्या, त्याच खुर्च्या, डावीकडून येणारा तोच उजेड पुन्हा पुन्हा का घेतला, हा व्हर्मीरविषयीचा मुख्य प्रश्न आहे. सहा चित्रं सहा भिंतींवर असताना तो नीट विचारताही येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग अस्सल चित्रंच एकत्र आणावीत. तसा प्रयत्न झालाही. राइक्सम्युझियमने 10 फेब्रुवारी ते 4 जून 2023 या काळात 28 चित्रं जमवली. व्हर्मीरची इतकी चित्रं याआधी कधी एकत्र आली नव्हती. सुमारे साडेसहा लाख लोकांनी ती पाहिली. त्याहून कितीतरी जणांना तिकीट मिळालं नाही. तरीही नऊ चित्रं आलीच नाहीत. मोत्यावाली मुलगी मार्च संपताना हेगला परत गेली, कारण तिच्याविना मौरित्सहाउसला जास्त दिवस राहणं परवडत नव्हतं. व्हिएन्नातलं ‘चित्रकला’ हे मोठं चित्र प्रवासाला निघतच नाही. आणि ‘मैफल’ तर कुणालाच आणता येणार नाही : 18 मार्च 1990 च्या पहाटे ते बॉस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयातून चोरीला गेलं, ते अजून सापडलेलं नाही. म्हणजे पूर्ण व्हर्मीर पाहायचा तर निदान एका चित्राची प्रत लावण्याला आज पर्यायच नाही. तिथे प्रत चालते, मग उरलेल्यांची का चालू नये?

आणखी एक गोष्ट पुस्तकाला जमत नाही, अशा दालनाला जमते. पुस्तकात लूव्हरमधली ‘लेस विणणारी’ आणि ‘डेल्फ्टचं दृश्य’ एकाच मापाच्या पानावर छापली जातात. प्रत्यक्षात पहिलं चित्र सुमारे 24 बाय 21 सेंटिमीटरचं आहे, शाळकरी वहीएवढं. दुसरं मीटरभराहून रुंद. दोन्ही खऱ्या मापात एका खोलीत लावली की कळतं, पहिलं हातात धरायला केलेलं आहे आणि दुसऱ्यापुढे मागे सरकून उभं राहावं लागतं. आपल्या शरीराने हे कळणं ही पाहण्याची पहिली पायरी आहे, आणि ती मूळ आकारातल्या प्रतीने चढता येते.

पूर्वपक्ष : तुम्ही चित्राला माहितीचं साधन करून टाकलंत. जाकीट, नकाशा, सेंटिमीटर. चित्र म्हणजे रंगाचा थर. व्हर्मीरने पावावर, खुर्चीच्या खिळ्यांवर, होडीच्या कडेवर जे प्रकाशाचे ठिपके ठेवले त्यांना उंची आहे. बदख्शानच्या खाणीतल्या दगडाचा निळा रंग त्याने पांढऱ्या भिंतीच्या सावलीतसुद्धा मिसळला. छापखान्याच्या चार शायांतून तो कसा उतरेल? आणि त्यापलीकडे एक गोष्ट आहे, तिला नाव द्यायला संकोच वाटतो, पण ती आहे : त्याच माणसाचा हात याच फळकुटावरून, याच कापडावरून फिरला होता, ही जाणीव. प्रतीसमोर ती कुठून आणणार?

उत्तरपक्ष : रंगाच्या थराबद्दल मी वाद घालत नाही. तो प्रतीत नसतो, आणि ज्या दालनात ‘अगदी मुळासारखं’ अशी जाहिरात होते तिथे पाहुण्याची दिशाभूल होते. पण जाणिवेबद्दल मात्र वाद घालायलाच हवा, कारण तिची सर्वांत कठोर परीक्षा याच गावाशी जोडलेल्या एका माणसाने घेतली आहे. हान व्हान मेगेरन 1907 मध्ये वास्तुशास्त्र शिकायला डेल्फ्टला आला आणि पुढे चित्रकार झाला. 1937 मध्ये त्याने रंगवलेलं ‘एम्माउसचं भोजन’ हे व्हर्मीरचं हरवलेलं चित्र म्हणून पुढे आलं. मौरित्सहाउसचे माजी संचालक अब्राहम ब्रेडियस यांनी त्याला व्हर्मीरची श्रेष्ठ कृती ठरवलं, रॉटरडॅमच्या बोइमान्स संग्रहालयाने ते पाच लाख गिल्डरहून जास्त किमतीला घेतलं आणि लोक त्यासमोर स्तब्ध उभे राहिले. युद्धानंतर, 1945 मध्ये, नाझी नेता गोअरिंग याला एक ‘व्हर्मीर’ विकल्याबद्दल अटक झाली तेव्हा व्हान मेगेरनने खरं सांगितलं. त्या आठ वर्षांत लोकांना आलेला अनुभव खोटा नव्हता. खोटी होती ती पाटी. त्या हाताची जाणीव आपल्याला रंगातून येते असं वाटतं, पण बऱ्याचदा ती पाटीवर वाचलेली असते. म्हणून संग्रहालयाची नीती मी वस्तूच्या अस्सलपणावरून ठरवत नाही, पाटीच्या खरेपणावरून ठरवतो. ‘ही प्रत आहे’ असं मोठ्या अक्षरांत सांगणारी प्रत, खोटी पाटी लावलेल्या कॅनव्हासपेक्षा जास्त प्रामाणिक असते.

आणि अस्सल चित्र तरी किती स्थिर असतं? ड्रेस्डेनमधलं ‘उघड्या खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी’ हे चित्र दीडदोनशे वर्षं कलेच्या अभ्यासकांनी एका रिकाम्या भिंतीसह पाहिलं, त्या रिकाम्या भिंतीच्या शांततेवर लिहिलंही. 1979 मध्ये क्ष-किरणांनी भिंतीखाली एक कामदेव दाखवला. त्यावरचा रंग व्हर्मीरनेच दिला असेल असा समज होता. 2017 मध्ये लक्षात आलं की तो थर चित्रकाराच्या मृत्यूनंतर, दुसऱ्याच कुणी दिला आहे. तो काढून 2021 मध्ये चित्र पुन्हा लावलं गेलं, आता पाठीमागे भलामोठा कामदेव घेऊन. जी रिकामी भिंत पिढ्यान्‌पिढ्या व्हर्मीरची मानली गेली ती आज फक्त जुन्या प्रतींत उरली आहे. मोत्यावाल्या मुलीचंही तसंच. तिच्यामागचा काळा अंधार व्हर्मीरने काढलेला नाही. 2018 पासूनच्या तपासणीत दिसलं की तिथे हिरव्या पडद्याच्या घड्या होत्या, नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिरंगाच्या पातळ थराने रंगवलेल्या, आणि तो थर काळाने फिका केला. हेगच्या भिंतीवर आज जे आहे ते अस्सल आहे, पण व्हर्मीरने हातावेगळं केलेलं चित्र ते नाही. त्या चित्राजवळ जायचं तर तपासणीच्या आधारे केलेल्या पुनर्रचनेचीच मदत घ्यावी लागते. मूळ आणि प्रत यांना मालक आणि नोकर समजण्यापेक्षा एकाच खटल्यातले दोन साक्षीदार समजणं जास्त बरोबर आहे.

मराठी वाचकाला हे नवं वाटायचं कारण नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं उतरवली. त्यांतली बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात पुन्हा तेच काम केलं, त्यातलंही बरंच 1885 च्या आगीत जळालं. जे वाचलं आणि जे छापलं गेलं त्यात अशा जागा आहेत ज्या आज भिंतीवर उरलेल्या नाहीत. तिथे मूळ गेलं आणि प्रत राहिली. शिवाजी महाराजांचा जो चेहरा आज घराघरात आहे तोही असाच आला. वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये डच लेखक फ्रान्स्वा व्हॅलेन्टाइनच्या लेखनाशी जोडलेलं चित्र महाराष्ट्रापुढे ठेवलं आणि तोवर चालत आलेलं चुकीचं चित्र मागे पडलं. एका छापील प्रतीने लाखो लोकांची नजर दुरुस्त केली. तिच्यासमोर हात जोडणाऱ्याला कुणी ‘हा मूळ कागद नव्हे’ असं सांगायला जात नाही.

पूर्वपक्ष : आता तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. प्रत पुरेशी असेल तर आपल्या वस्तू परत मागायचा हक्कच संपला. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात पाठवली, आधी साताऱ्याला, तीही उसनी. उद्या ते म्हणतील, कशाला हवीत मूळ वाघनखं, छापून देतो तशीच. तुमचा युक्तिवाद त्यांच्या कपाटांना कुलूप लावायला उपयोगी पडेल. पाश्चात्त्य संग्रहालयं हेच तर ऐकायला आतुर आहेत.

उत्तरपक्ष : हा या वादातला सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. आधी डेल्फ्टची चित्रं कशी गेली ते पाहू. व्हर्मीर मेला तेव्हा पावाच्या उधारीपोटी त्याच्या बायकोने, कातरिना बोल्नेसने, दोन चित्रं हेन्ड्रिक व्हान बाउटेन या बेकरीवाल्याला दिली. देणं 617 गिल्डरचं होतं. 16 मे 1696 रोजी ॲमस्टरडॅमला एका लिलावात व्हर्मीरची 21 चित्रं विकली गेली. सर्वांत जास्त बोली ‘डेल्फ्टच्या दृश्या’ला लागली, 200 गिल्डर. 1822 मध्ये तेच चित्र 2900 गिल्डरला विकत घेऊन मौरित्सहाउसमध्ये ठेवलं गेलं. मोत्यावाली मुलगी तर 1881 मध्ये दोन गिल्डर आणि तीस सेंटला विकली गेली. गरिबी, वारसाहक्क, लिलाव. दुःख आहे, लूट नाही. अशा गावाला मूळ परत मागण्याचा हक्क नाही, म्हणून प्रत हाच त्याचा न्याय्य मार्ग आहे. जिथे वस्तू सत्तेच्या जोरावर नेली गेली, तिथे हिशेब वेगळा.

आणि तो वेगळा हिशेबही डेल्फ्टमध्येच झाला, त्यामुळे हे गाव या चर्चेला फार उपयोगी पडतं. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टची. तिथे नुसान्तारा नावाचं संग्रहालय होतं. त्याचा संग्रह मुळात इंडोनेशियात पाठवायच्या डच अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी जमला होता. 2013 मध्ये पैशाअभावी ते बंद पडलं, तेव्हा सुमारे 18,000 वस्तूंचं काय करायचं हा प्रश्न आला. बऱ्याच वाटाघाटींनंतर त्यांपैकी सुमारे 1500 वस्तू इंडोनेशियाला परत गेल्या. हे पश्चात्तापातून सुरू झालं नव्हतं आणि 1500 हा आकडा मला तोकडाच वाटतो. पण मुद्दा असा की तिथे कुणी जाकार्ताला प्रती देऊ केल्या नाहीत. प्रत पुरेशी आहे हा युक्तिवाद खरा असेल तर तो धारकालाही लागू होतो : प्रत तुम्ही ठेवा, मूळ आम्हाला द्या. ज्याच्याकडे ताबा आहे त्याने समोरच्याला प्रतीवर समाधान मानायला सांगणं आणि ज्याच्याकडे काही नाही त्याने स्वतःहून प्रतीचं दालन उभारणं, या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी न्यायाच्या दृष्टीने उलट्या आहेत. वाघनखांबाबत तर व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय स्वतःच सांगतं की ती अफझलखानाच्या भेटीत वापरलेलीच आहेत असं सिद्ध करता येत नाही. ती ज्या दालनात मांडली जातील तिथे तेवढं वाक्य मोठ्या अक्षरांत असावं, एवढीच माझी अपेक्षा, कारण मघाशी म्हटल्याप्रमाणे पाटी खरी असायला हवी.

पूर्वपक्ष : ठीक. पण मग डेल्फ्टने तात्पुरती का होईना, अस्सल प्रदर्शनं भरवावीत. 2016 मध्ये तिथल्या प्रिन्सेनहॉफ संग्रहालयात व्हर्मीरचं ‘छोटी गल्ली’ हे चित्र आलं होतं, तेव्हा गाव भारावून गेलं. कायमच्या नकलांपेक्षा थोड्या महिन्यांचं अस्सल बरं.

उत्तरपक्ष : ‘छोटी गल्ली’चं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतं. ते चित्र आलं कारण त्याच्या आदल्या वर्षी कला-इतिहासकार फ्रान्स ग्राइझेनहाउट यांनी 1667 ची एक नोंदवही वाचली. कालव्याचा गाळ काढण्यासाठी प्रत्येक घराकडून घराच्या रुंदीप्रमाणे कर घेतला जाई; त्या वहीतल्या मापांवरून त्यांनी चित्रातलं घर फ्लामिंगस्त्रात या रस्त्यावर 40 आणि 42 क्रमांकाच्या जागी होतं असं दाखवलं, आणि तिथे व्हर्मीरची आत्या राहत होती. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण पाहा, इथे डेल्फ्टची खरी मालमत्ता कोणती ठरली? कराची वही, कालवा, घराची रुंदी. 2023 मध्ये ॲमस्टरडॅमला गर्दी उसळली होती तेव्हा प्रिन्सेनहॉफने ‘व्हर्मीरचं डेल्फ्ट’ हे प्रदर्शन भरवलं, त्यात व्हर्मीरचं एकही चित्र नव्हतं. त्याचं गाव, त्याचे समकालीन, कागदपत्रं होती. गावाकडे जे अस्सल आहे ते तसंच मांडलं पाहिजे, आणि त्याच्याशेजारी प्रत लावली तर ती वही बोलू लागते. ‘डेल्फ्टच्या दृश्या’तले दोन्ही दरवाजे एकोणिसाव्या शतकात पाडले गेले, जिथून ते चित्र पाहिलं गेलं तो पाण्याचा काठ मात्र आहे. काठ हेगला नेता येत नाही, चित्र डेल्फ्टला आणता येत नाही. दोन्ही एका दुपारी पाहायची तर मध्ये प्रतच हवी. पाहुणं चित्र येण्याची वाट बघत दालन वर्षभर रिकामं ठेवावं असं तुमचं म्हणणं असेल, तर ते शाळकरी मुलांना सांगून पाहा.

माझ्या दोन मागण्या मात्र कडक आहेत. प्रत्येक प्रतीखाली ती कोणत्या छायाचित्रावरून, कधीच्या अवस्थेतल्या चित्राची आहे हे लिहिलेलं असावं, म्हणजे ड्रेस्डेनची मुलगी कामदेवासह आहे की त्याच्याविना हे पाहणाऱ्याला कळेल. आणि मूळ चित्र आज कुठे आहे, कुणाकडून कुणाकडे, किती किमतीला गेलं, हेही तिथेच असावं. बेकरीवाल्याचे 617 गिल्डर व्हर्मीरच्या निळ्या रंगाइतकेच त्या चित्राच्या आयुष्याचा भाग आहेत.

पूर्वपक्ष : आणि हे सगळं महाराष्ट्रातल्या माणसाने का वाचावं?

उत्तरपक्ष : वेंगुर्ल्यासाठी. 1637 मध्ये याच डच ईस्ट इंडिया कंपनीने तिथे वखार घातली, गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला. ती इमारत आज पडझड होऊन उभी आहे. तिथून गेलेली पत्रं, हिशेब, बातम्या कंपनीच्या दफ्तरात हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. 2003 मध्ये युनेस्कोने त्या दफ्तराला जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत स्थान दिलं, आणि त्याचा फार मोठा भाग संगणकावर कुणालाही फुकट वाचता येतो. ती पत्रं डचांनी डचांना लिहिलेली आहेत. ती परत मागायचा आपल्याला हक्क नाही आणि गरजही नाही. पण त्यांच्या मूळ आकारातल्या प्रती, मराठी भाषांतरासह, वखारीच्या डागडुजी केलेल्या एका खोलीत लावायला कुणाकडून काही उसनं घ्यावं लागणार नाही. एक वास्तुविशारद, जुनी डच लिपी वाचणारा एक अभ्यासक आणि छपाईचा खर्च लागेल. सिंधुदुर्गातल्या एखाद्या महाविद्यालयाने पुरातत्त्व खात्याकडे पहिलं पत्र पाठवावं.